गाऱ्हाण्यावर तापलेला समुद्र

त्या जानेवारीत आमचा समुद्र गरम ठेवायचा, तर कुणीतरी सतत प्रश्न विचारत राहणं गरजेचं होतं. सुदैवाने खडपेवाडीत प्रश्न विचारणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती.

मी भिकाजी तारी. एवढ्या तरुण माणसाचं नाव भिकाजी कसं, असं सगळे विचारतात. आमच्याकडे पणजोबांचं नाव ठेवायची पद्धत आहे, आणि पद्धत ठेवताना मला कुणी विचारलं नाही. माझी एक होडी आहे. तिच्यातून मी पाहुण्यांना गरवायला नेतो. गरवणं म्हणजे गळाला आमिष लावून मासा धरणं. माझे पाहुणे पुण्याचे, बेंगळुरूचे. ते हजारो रुपयांची काठी घेऊन येतात, मासा धरतात, त्याला मिठी मारून फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडून देतात. माझ्या आयेने हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती धक्क्यावर मटकन बसली.

"सोडूचो होतो, तर धरलो कित्याक?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे. माझा धंदा त्या उत्तराशिवाय चालतो.

धंद्याची खरी अडचण वेगळी होती. पाहुणे येतात हिवाळ्यात, कारण त्यांच्याकडे थंडी असते आणि आमच्याकडे नसते. निदान पूर्वी नसायची. गेल्या काही वर्षांत ध्रुवावरची गार हवा आपल्या जागी थांबेनाशी झाली आहे. आधी ती फार तर दिल्लीपर्यंत यायची, धुकं करायची, विमानं अडवायची आणि परत जायची. आता ती रजा टाकून थेट कोकणात उतरते. उत्तरेचा वारा आठवडा-आठवडा हलत नाही. किनाऱ्याजवळचं उथळ पाणी, जे एरवी सव्वीस अंशांच्या आसपास असायचं, ते एकवीसवर येतं. माणसं कानटोप्या घालतात. माशांना ती सोय नाही.

"मासा स्वतःचं शरीर स्वतः तापवत नाही," शलाकाने मला एकदा सांगितलं होतं. "पाणी जेवढं गरम, तेवढाच तो गरम. पाणी गार झालं की त्याच्या पोटातलं कामकाज मंदावतं. काल गिळलेला बांगडा आज तसाच पडलेला असतो. पंगतीतून उठल्यावर तुला कसं वाटतं?"

"जड."

"त्याला ते आठवडाभर वाटतं. अशा माणसासमोर तू कितीही चांगली जिलेबी नाचव."

शलाका भोयर नागपूरची. एकोणीस अंशांत कुडकुडणारी खडपेवाडी पाहून ती पहिल्या हिवाळ्यात इतकी हसली होती की आयेला वाटलं पोरीला काहीतरी झालं. ती आमच्याकडे आली ती कुकरसाठी.

कुकर म्हणजे खडपाच्या, पाण्यातल्या खडकांच्या पट्ट्याच्या, कडेला, समुद्राच्या तळाशी एका कंपनीने ठेवलेली पांढरी, लांबट टाकी. आत हजारो संगणक. जिल्ह्यात कुणीही फोनमधल्या मदतनीस बाईला काही विचारलं की तो विचार या टाकीत होतो. विचार केला की यंत्र तापतं. माणसांत हा दोष क्वचितच दिसतो. जमिनीवर असे संगणक गार ठेवायला डोंगराएवढी वीज लागते, म्हणून त्यांना सरळ पाण्यात बुडवायचं आणि त्यांची ऊब समुद्राला देऊन टाकायची, अशी ती युक्ती. कंपनीने टाकीला भारदस्त नाव दिलं होतं. वाडीने तिला कुकर म्हटलं, आणि फोनमधल्या बाईला नुसतं 'बाय'.

शलाकाचं काम कुकर थंड ठेवणं. माझं पोट कुकर गरम असण्यावर. आमचं प्रेम जमलं ते या मुद्द्यावर भांडताना.

कुकरजवळ पाणी दोन-तीन अंशांनी उबदार असतं हे मासे माझ्या आधी ओळखून होते. पण सगळेच दिवस सारखे नसायचे. कधी कोकर मासे उड्या मारायचे, कधी तासन्‌तास गळ कोरडा. शलाकाने एक दिवस तिच्या पडद्यावरची रेघ दाखवली. जिल्हा जेव्हा अवघड प्रश्न विचारी तेव्हा रेघ वर जाई, आणि ती वर गेली की थोड्या वेळाने माझे पाहुणे ओरडायला लागत.

मग मी वाडीला कामाला लावलं.

साध्या प्रश्नाने पाणी तापत नाही, हे आधी कळलं. आयेने माशांच्या तिखल्यात तिरफळं किती घालायची ते विचारलं. बायने घाम न गाळता सांगितलं. मग बाबलकाका पुढे सरसावले. हे माझे चुलते. त्यांनी विचारलं की सामाईक जमीन आहे, हिस्सेदार पन्नासच्या वर, अर्धे मुंबईला, दोघांचा पत्ता नाही, एक मेला की नाही यावरच वाद. तर बांधावरचा आंबा माझा की आमच्या भावकीतल्या दाजीचा? बाय म्हणाली, "विचार करत आहे." ती बराच वेळ विचार करत राहिली. आंबा कुणाचा ते अजून ठरलेलं नाही, पण त्या दुपारी माझ्या पाहुण्यांनी चार गोब्रे धरले.

तेव्हापासून होडी सुटली की कुणीतरी बायसमोर बसायचं. बांध, मानपान आणि पत्रिका, या तीन विषयांवर समुद्र छान तापतो असा आमचा अनुभव.

शलाका आधी हसली. मग एका संध्याकाळी धक्क्यावर माझ्याशेजारी येऊन बसली आणि हसली नाही.

"भिकाजी, एकाच जागी गरम पाणी सोडलं की तिथलं प्रवाळ पांढरं पडतं. मी नवीन जाळं बसवतेय. बारीक नळ्या, पूर्ण खडपावर पसरलेल्या. ऊब सगळीकडे थोडी-थोडी वाटली जाईल. कुठेही अर्ध्या अंशापेक्षा जास्त पाणी तापायला नको. मंगळवारी चाचणी आहे. पास झाली तर कुकर इथेच राहील."

"आणि नापास?"

"उचलून नेतील. दुसऱ्या समुद्रात. त्याच्यासोबत मला."

मी समुद्राकडे पाहिलं. असं काही ऐकलं की समुद्राकडे बघायचं असतं, एवढं मला ठाऊक आहे.

"मंगळवारी तुझे बाबा येतायत," मी म्हणालो.

हे ती विसरली नव्हती. तिचे बाबा, किशोरराव भोयर, एका धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले. धरणात आयुष्यभर गळ टाकून बसलेले गृहस्थ. समुद्रावरचा जावई म्हणजे सकाळी गेला तर संध्याकाळी येईल याची हमी काय, असं त्यांचं म्हणणं. बऱ्याच विनवण्यांनंतर ते एका अटीवर आले होते. मुलाने मला त्याच्या समुद्रात एक मासा गळाला लावून दाखवावा. ज्याला स्वतःच्या घरात मासा सापडत नाही, त्याच्या घरात माझी मुलगी काय करणार? सवलत नाही, तिकीट परतीचं, सकाळ एकच. मंगळवारची.

आणि त्या आठवड्यात पाणी साडेवीसवर आलं होतं.

"जाळं चाललं तर मासा लागणार नाही," शलाका म्हणाली. "मासा लागायला वाडीने प्रश्न विचारले तर जाळं चालणार नाही. ते पूर्ण भारावर कधी तपासलेलंच नाही. कंपनीकडे तेवढे प्रश्नच नाहीत."

"मग चाचणी पहिली," मी म्हणालो. "तू दुसऱ्या समुद्रात गेलीस तर बाबांचा होकार घेऊन मी काय करू?"

 मग तिने माझ्याकडून शब्द घेतला. मंगळवारी सकाळी खडपेवाडीत कुणीही बायला एकही प्रश्न विचारायचा नाही.

मी वाडीत घरोघर फिरलो. सगळ्यांनी शब्द दिला. बाबलकाकांनी छातीवर हात ठेवून दिला. गावचे मानकरी बाबी धुरी यांनी तर देवळाच्या पायरीवर उभं राहून दिला. "एक प्रश्न इचारूचो नाय," ते म्हणाले. "एक पण नाय." इतका सहज शब्द मिळतो तेव्हा माणसाने सावध व्हावं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी उजाडताना किशोरराव होडीत बसले. कानटोपी, त्यावर मफलर, त्यावर लाइफ जॅकेट. शलाका मागच्या बाजूला पडदा मांडीवर घेऊन. मी सुकाणूवर. नागपुरात खरी थंडी असते हे मला बंदर सोडायच्या आत तीनदा सांगण्यात आलं.

"मग कानटोपी कशाला, बाबा?" शलाकाने विचारलं.

"ही थंडी ओली आहे. हिचा भरवसा नाही."

खडपावर पोचलो. नांगर टाकला. किशोररावांनी गळ टाकला आणि त्यांचा चेहराच बदलला. पाठ ताठ, नजर दोरीवर. धरणावर या माणसाने किती वर्षं अशी काढली असतील ते दिसत होतं. वारा कापत होता. दोरी मेल्यासारखी लोंबत होती.

बऱ्याच वेळाने ते वळले. "लागेल का?"

या प्रश्नाचं आमच्या धंद्यात एकच उत्तर आहे. आता लागेल. मघाशीच हलला होता. मी ते शेकडो वेळा दिलं आहे.

"नाही," मी म्हणालो. "आज लागणार नाही. पाणी फार गार आहे, आणि ऊब शलाकाने वाटून टाकली आहे. तिचं काम नीट चाललंय म्हणून मासा लागत नाही."

किशोररावांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुलीकडे. मग परत दोरीकडे.  होडीत अशी शांतता झाली की इंजिन बंद केल्याचा मला पश्चात्ताप झाला.

तेवढ्यात शलाका म्हणाली, "भिकाजी."

तिच्या पडद्यावरची रेघ वर चालली होती.

"तू शब्द दिला होतास."

"सगळ्यांनी दिला होता."

रेघ चढतच होती. निम्मा भार, पाऊण भार. मी आयेला फोन लावला. मागून गजबज ऐकू येत होती, बरीच माणसं, आणि मधूनमधून सगळ्यांचा एकदम आवाज.

"आये, कोण प्रश्न विचारतंय?"

"कोण नाय."

"मग काय चाललंय?"

"गाऱ्हाणां घालतत."

आता गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे कुठल्याही मोठ्या कामाआधी मानकरी देवासमोर उभा राहून गावाचं सगळं मागणं मांडतो, एका दमात, वाक्यामागून वाक्य. आणि प्रत्येक वाक्याला जमलेली रयत एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणते.

"देवासमोर?" मी आशेने विचारलं.

"देवाक आधी घातलां. मगे देवाकच कौल लावून इचारलां, बायक पण घालू काय? उजवो कौल इलो. आता माझो फोन पाटार ठेवलो हा."

"पण आये, ठरलं होतं ना..."

फोन बाबी मानकऱ्यांनी घेतला. "भिकाजी, प्रश्न इचारूचो नाय म्हटलंस. आमी इचारूक नाय. गाऱ्हाण्यात प्रश्न नसता. गाऱ्हाण्यात फकत सांगणां असता." आणि मला लाइनवर ठेवूनच त्यांनी पुढचं वाक्य उचललं. "तर बाये म्हाराजा, समुद्राक हीव भरलां हा, तां काढून टाक म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

बाय बाई असली तरी म्हाराजाच. गाऱ्हाण्याचं व्याकरण बदलायचा अधिकार कुणालाच नाही.

"जे कोण वाट चुकले आसात, तेंका वाटेर हाड म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"रुसलेल्यांका एका जाग्यार बसव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"कळत-नकळत ह्या गावाकडसून जी काय चूक झाली आसात, ती शोधून पोटात घाल म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

शलाकाने कपाळावर हात मारला. "भिकाजी, ते लोक 'व्हय' म्हणतायत."

"म्हणतातच."

"बाय प्रत्येक काम करण्याआधी परवानगी मागते. 'पुढे जाऊ का?' आणि लोक तिला प्रत्येक वाक्याला..."

तिने वाक्य पूर्ण केलं नाही. गरज नव्हती. बायच्या दृष्टीने तिला सकाळपासून एकामागून एक हुकूम मिळत होते, आणि प्रत्येकावर सबंध गावाची संमती होती. एवढी एकमुखी संमती तिला आजवर कुणी दिली नव्हती. ती कामाला लागली. महामार्गावर चुकीच्या वळणाने निघालेल्या प्रत्येक गाडीला तिने वाट दाखवली. कुठली ते सांगितलेलं नसल्याने खडपेवाडीची. त्यात लातूरची एक सहल होती. रुसलेल्यांना एका जागी बसवायचं म्हणून तिने बाबलकाका आणि दाजी यांना एकाच कॉलवर जोडलं; आंब्यावरून नऊ वर्षं न बोललेले ते दोघे आता बोलत होते, म्हणजे ओरडत होते, पण एकमेकांशी. आणि कळत-नकळत झालेली चूक? ती शोधायला बायने गावाची होती नव्हती तेवढी सगळी दप्तरं उघडली. या शोधाला शेवट नसतो. खडपेवाडीच्या बाबतीत तर सुरुवातही सापडत नसावी.

रेघ पडद्याच्या वरच्या कडेला टेकली. पूर्ण भार.

शलाका पांढरीफटक पडून दुसऱ्या आकड्याकडे बघत होती. पाण्याच्या तापमानाकडे. तो वाढला, थोडा. अजून थोडा. अर्ध्या अंशाच्या अलीकडे येऊन थांबला. आम्ही वाट पाहिली. तो तिथेच थांबून राहिला.

"चाललं," ती हळूच म्हणाली. मग मोठ्याने. "पूर्ण भारावर चाललं. याची चाचणी करायला कंपनीकडे एवढे प्रश्नच नव्हते, आणि हे..."

"प्रश्न नाहीत ते," मी म्हणालो. "फक्त सांगणं."

ती राहणार होती. हे मला समजलं आणि त्याच क्षणी हेही समजलं की ऊब आता खडपभर सारखी वाटली गेली आहे, एका ठिकाणी धड मासा जमावा एवढी कुठेच नाही, आणि बाबा संध्याकाळच्या गाडीने जाणार आहेत.

तेवढ्यात किशोररावांचा फोन वाजला.

काठी एका हातात धरून त्यांनी तो कानाला लावला. "हां, वैशाली, बोल." वैशालीआत्या ही त्यांची अमरावतीची बहीण. "अभिनंदन? कशाचं? कोणती पत्रिका? नाही ना, आम्ही नाही पाठवली."

मी माझ्या फोनमध्ये हळूच विचारलं, "आये, बाबींनी लग्नाचं काही म्हटलं का?"

"म्हणतीतच. तुझ्यासाठीच तर घातलां."

"काय म्हटलं? नेमकं सांग."

"ह्येचां लगीन ठरवन दी, आणि चार पावण्यांका सांगावो धाड."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"व्हय म्हाराजा," आये म्हणाली. फोनमधल्या प्रत्येक परवानगीला तिने आधीच 'हो' दाबून ठेवलं होतं हे मला माहीत होतं. वैशालीआत्याने तिला तिखल्याच्या कृतीसाठी भोयर परिवाराच्या ग्रुपमध्ये घेतलं होतं, हे मात्र आता कळत होतं. बायने मुहूर्त पाहिला होता, तारीख काढली होती, लग्नपत्रिका केली होती आणि चार पाहुणे म्हणजे नक्की कोणते ते सांगितलेलं नसल्याने सगळ्यांना पाठवली होती. नागपूर, अमरावती, वर्धा, एक चंद्रपूर.

किशोररावांचा फोन ठेवेपर्यंत पुन्हा वाजला. पुन्हा ठेवला, पुन्हा वाजला. वर्ध्याच्या कुणीतरी रेल्वेची तिकिटं काढली होती. वैशालीआत्या साडीच्या दुकानातूनच बोलत होती.

शलाका सरकत माझ्याजवळ आली. "त्या यंत्राने तुला विचारलं का?"

"नाही."

"मलाही नाही."

"मग आता मी विचारू का?"

"प्रश्न विचारायची बंदी आहे आज," ती म्हणाली.

"करूया लग्न," मी म्हणालो. "हे सांगणं आहे."

ती हसली. पहिल्या हिवाळ्यात हसली होती तशी. मग म्हणाली, "करूया." पण आम्हा दोघांच्या नजरा किशोररावांच्या पाठीवर होत्या. ती पाठ काहीच सांगत नव्हती.

फोनवर आता वैशालीआत्या पुन्हा आली होती. किशोरराव शांतपणे ऐकत होते. "हो, मुलगा इथेच आहे. होडीवर. नाही, मासा नाही लागला. लागणार नाही असं सांगितलं त्याने. हो, तोंडावर सांगितलं. मी इतकी वर्षं धरणावर बसलो, एकानेही कधी खरं सांगितलं नाही." ते थांबले. "तारीख काय म्हणालीस?"

त्यांची पाठ ताठ झाली.

"मे? नागपुरात? काहून? सत्तेचाळीस अंश असते मे मध्ये, लोकं मंडपात वितळतील. कोण्या बावळटाने काढली ही तारीख? यंत्राने काढली? त्या यंत्राला घाम येते का? नाही ना, वैशाली, तू ऐकून घे, डिसेंबर म्हणजे डिसेंबर. आणि जेवण दोन्ही पद्धतीचं. एकटं माशाचं नाही चालणार, सावजी पायजे."

शलाकाने माझा हात घट्ट धरला. माणूस तारखेवर भांडायला लागला की लग्नावर भांडायचं सोडून देतो, हे तिलाही कळलं असावं.

"वऱ्हाड कसं आणायचं ते मी पाहून राहिलो," किशोरराव फोनमध्ये म्हणत होते, आणि त्याच क्षणी दोरी सरकन ताणली गेली. काठी वाकली. अर्धा अंश थोडासाच असला तरी तो सबंध खडपाला मिळाला होता, आणि त्या सगळ्या खडपात एका माशाला भूक लागली होती.

"बाबा, लागला," शलाका म्हणाली.

किशोररावांनी काठीकडे त्रासून पाहिलं. तारखेवरून भांडताना माणसाला एक हात मोकळा लागतो, आणि त्यांचे दोन्ही अडकले होते. त्यांनी काठी माझ्यासमोर धरली.

"जावईबापू, हे जरा पकडा. इथे महत्त्वाचं चालू आहे."

मी पकडली. गोब्रा होता, माझ्या मांडीएवढा. मी आणि शलाकाने मिळून त्याला होडीच्या कडेपर्यंत आणलं, गळ काढला आणि सोडून दिला. किशोरराव तोवर मंडपाच्या पंख्यांपर्यंत पोचले होते. फोटो काढायचा राहून गेला.